सीए करू की एमबीए? गोव्यात बसून हा निर्णय कसा घ्यावा

बीकॉमच्या शेवटच्या वर्षाचे निकाल जवळ आले की माझ्या फोंड्याच्या ऑफिसात दुपारी एक ठरलेलं दृश्य दिसतं. बाप पुढे, मुलगी किंवा मुलगा मागे, हातात प्लास्टिकची फाइल. यंदा आलेली मुलगी साखळीच्या कॉलेजातली. बापाला वाटतं सीए करावं, गावात मान असतो. दुबईचा मामा फोनवरून सांगतो, एमबीए कर, सीएत वर्षं जातात. आणि गोव्यातल्या प्रत्येक घरात असतं तसं आजीचं तिसरं मत: सरकारी नोकरी बघ. मुलगी सगळ्यांचं ऐकून मला विचारते, "काका, यातलं बरं कुठचं?"

मी सीए आहे, म्हणजे मत एका बाजूला झुकलेलंच असणार, हे आधी सांगून टाकतो. पण 'बरं कुठचं' या प्रश्नाला उत्तर नाही, कारण या दोन एकाच जातीच्या गोष्टी नाहीत. सीए हा परवाना आहे. कंपनीच्या ऑडिट रिपोर्टवर सही करायचा अधिकार कायद्याने फक्त प्रॅक्टिस करणाऱ्या सीएला दिला आहे. हा परवाना देणारी सीएंची इन्स्टिट्यूट १ जुलै १९४९ ला स्थापन झाली. एमबीएने असा कसलाच परवाना मिळत नाही. एमबीए न करताही माणूस हॉटेलचा जनरल मॅनेजर होऊ शकतो, आणि एमबीए करूनही मोबाइलची सिमकार्डं विकत फिरू शकतो. त्या पदवीची किंमत ती कुठून घेतली यावर ठरते. सीएचं तसं नाही. तुम्ही कुठल्या गावात, कुठल्या क्लासला शिकलात हे पुढे कोणी विचारत नाही.

पहिलं पाऊल: दोन्ही कामं जवळून बघा

बहुतेक मुलं पदव्यांची तुलना करतात, कामांची नाही. तेव्हा आधी काम कसं असतं ते दाखवतो.

गेल्या वर्षी एका शॅकवाल्याचा, म्हणजे किनाऱ्यावर खाण्यापिण्याची झोपडी चालवणाऱ्याचा, हिशेब आला, नेहमीप्रमाणे बियरच्या खोक्यात भरून. माझ्याकडच्या आर्टिकल मुलाने, म्हणजे सीए होण्यासाठी ऑफिसात उमेदवारी करणाऱ्याने, खोकं उघडलं तर वरच सिगारेटच्या पाकिटाचा फाडलेला तुकडा. त्यावर लिहिलेलं, 'इसवण १४ किलो, सुंगटां ६', खाली रक्कम, आणि मासळीच्या पाण्याने पसरलेली शाई. तारीख नाही, नाव नाही. आता या तुकड्यावरून मुलाला काय काय शोधायचं असतं? पैसे कोणाला दिले, कधी दिले, रोख दिले का. एका दिवशी एका माणसाला १० हजारांपेक्षा जास्त रोख दिले असतील तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही. त्याला अपवाद आहे: मासे पकडणाऱ्याला थेट दिले असतील तर चालतं, मधल्या व्यापाऱ्याला दिले असतील तर नाही. म्हणजे ती इसवण कोणाच्या होडीतून आली हे फोन करून विचारायचं. असे तुकडे खोक्यात शेकड्यांनी असतात. हे वाचताना तुम्हाला कंटाळा आला की 'मग पुढे?' असं वाटलं, त्याची मनात नोंद करून ठेवा.

आता दुसरी बाजू. तोच समुद्रकिनारा, पण मोठं हॉटेल. तिथे रूमचे भाव ठरवणारी व्यक्ती बहुधा एमबीए किंवा हॉटेल मॅनेजमेंटची. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. खोली ७,५०० ला दिली तर पाहुणा ७,८७५ भरतो. भाव फक्त शंभराने वाढवून ७,६०० केला तर तो ८,९६८ भरतो. शंभर रुपयांसाठी पाहुण्याच्या खिशातून हजाराहून जास्त जातात. मग डिसेंबरच्या त्या आठवड्यात भाव ७,५०० वरच थांबवायचा की सरळ ९,५०० ला न्यायचा आणि सोबत नाश्ता, विमानतळाची गाडी द्यायची? ५ टक्केवाल्या खोलीत खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, मग त्या फरकाचं काय? शेजारच्या हॉटेलने काय केलं? हे सगळं अपुऱ्या माहितीवर, संध्याकाळच्या आत ठरवायचं, आणि चुकलं तर सोमवारच्या मीटिंगमध्ये उत्तर द्यायचं.

करावर डोकं दोघांनाही चालवावं लागतं. एकाचं काम घडून गेलेलं पडताळून पाहण्याचं, दुसऱ्याचं पुढचं ठरवून ते लोकांकडून करून घेण्याचं. ओळखीतून दोन्ही ठिकाणी एकेक दिवस जाऊन बसा. गोवा लहान आहे, तिसऱ्या फोनला कोणीतरी सापडतोच.

दुसरं पाऊल: राहायचं कुठे ते ठरवा

हा प्रश्न मुलं शेवटी विचारतात. गोव्यात तो दुसऱ्याच क्रमांकाला यायला हवा.

२०११ च्या जनगणनेत आपल्या राज्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत, किनाऱ्यावर मोठ्या कंपन्यांच्या हॉटेलांची रांग आहे, पण त्यांतल्या बहुतेकांची मुख्यालयं मुंबई, दिल्ली, बंगळूरला. ब्रँड, वित्त, धोरण ही कामं मुख्यालयात चालतात. म्हणून चांगल्या संस्थेतून एमबीए करणारा गोवेकर पहिली काही वर्षं तरी गोव्याबाहेर जाणार, हे घरच्यांनी धरूनच चालावं. साखळीजवळच्या संस्थेत शिकून मुलगा साखळीतच नोकरीला लागेल असा समज असेल, तर तो आताच सोडा.

सीएचं उलटं. इथे राहायचं असेल तर इथलं ज्ञानच भांडवल होतं. पोर्तुगीज नागरी कायद्याखाली पती-पत्नीची मालमत्ता सामाईक, त्यामुळे १९६१ च्या आयकर कायद्यात गोव्यासाठी खास कलम ५ अ होतं: पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं वाटून दाखवायचं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, तरी गोवेकराच्या लग्नाचा हिशेब तोच आहे. पुण्याहून आलेला हुशार सीए इथे हमखास अडखळतो. घर भाड्याने दिलंय, नवरा जहाजावर, बायको शिक्षिका, जमीन आजोबांच्या नावावर: असं अशील फोंड्यात दर आठवड्याला येतं. त्यात सहकारी पतसंस्था, देवस्थानांचे महाजन, कॅसिनोला माल पुरवणारे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक आणि बार्जवाल्यांची कर्जं कशी मार्गी लावायची ते सांगायला मुख्यालयातून कोणी आलं नाही, गावातले सीएच बँकेत जाऊन बसले.

तिसरं पाऊल: दोन रविवार स्वतःची परीक्षा घ्या

एका रविवारी सीए इंटरमिजिएटचा, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेचा, अकाउंटिंगचा जुना पेपर घ्या. तीन तास, मोबाइल दुसऱ्या खोलीत. मार्क किती पडले हे महत्त्वाचं नाही, न शिकलेलं येणार कसं? दुसऱ्या तासाला तुम्ही उठून फ्रिज उघडायला गेलात का, ते महत्त्वाचं. पुढच्या रविवारी कॅटची, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेची, एक मॉक टेस्ट द्या. तिथे दोन तासांत भाषा, तर्क आणि गणित. सगळं सोडवायचं नसतं, काय सोडून द्यायचं ते पटापट ठरवायचं असतं.

इंग्रजीबद्दल एक. आपल्याकडची बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत आणि पाचवीपासून इंग्रजीत शिकतात, त्यामुळे वाचता लिहिता येतं पण बोलताना जीभ अडते. सीएची परीक्षा कागदावर असते, तिथे ही अडचण कमी. एमबीएला मुलाखत, गटचर्चा आणि दोन वर्षं वर्गात बोलत राहणं. म्हणून एमबीए टाळा असं मी म्हणणार नाही. सहा महिने रोज बोलायचा सराव केला की ही भीती जाते. चाळीस व्हाउचर तपासायचा कंटाळा मात्र सरावाने जात नाही.

चौथं पाऊल: वर्षं मोजा, खरी मोजा

१ जुलै २०२३ पासून सीएचा अभ्यासक्रम बदलला. बारावीनंतर फाउंडेशन: चार पेपर, प्रत्येकात किमान ४० टक्के आणि एकूण ५०. वस्तुनिष्ठ पेपरांत चुकीच्या उत्तराला पाव मार्क वजा. पुढे इंटरमिजिएट आणि फायनल, प्रत्येकी दोन ग्रुपांत सहा पेपर. वाणिज्य पदवीला ५५ टक्के असतील, किंवा इतर शाखेला ६०, तर फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला नोंदणी होते. त्या साखळीच्या मुलीला हेच ठाऊक नव्हतं. ती फाउंडेशनच्या क्लासची चौकशी करून आली होती.

तिच्यासाठी हिशेब असा मांडला. इंटरची नोंदणी आणि आठ महिने अभ्यास. दोन्ही ग्रुप पास झाल्यावर दोन वर्षांची आर्टिकलशिप. ती संपल्यावर सहा महिने अभ्यासाला, मग फायनल. निकालांची वाट धरून साडेतीन वर्षं, एकदाही न अडखळता. पूर्वी आर्टिकलशिप तीन वर्षांची होती, तेवढी सवलत मिळाली आहे. परीक्षा आता वर्षातून तीनदा होतात, म्हणून एक प्रयत्न हुकला तर सहा महिने बसून राहावं लागत नाही.

पण न अडखळणारे किती? मे २०२४ च्या फायनलमध्ये दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी १९.८८ टक्के पास झाले, नोव्हेंबर २०२४ मध्ये १३.४४ टक्के. म्हणून साडेतीनच्या जागी पाच धरून चाला. मी स्वतः इंटरच्या दुसऱ्या ग्रुपला तीनदा आपटलो. दर निकालाच्या दिवशी वाड्यावरचे लोक आईला विचारायचे आणि आई मला वाचवायला 'अजून लागला नाही' म्हणायची. हे सोसायची तयारी आहे का, हे घरच्यांसमोर बोलून घ्या. एका विषयात ६० मिळाले तर पुढच्या तीन प्रयत्नांत त्या पेपरची सूट मिळते, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवून तयारी केली तर बरीच हानी टळते.

एमबीएचं सोपं: कॅट बहुधा नोव्हेंबरच्या अखेरीस, जूनच्या आसपास प्रवेश, दोन वर्षांनी बाहेर. प्रवेश मिळाला की पदवी जवळजवळ नक्की. तिथली चाळणी दारावरच असते.

पाचवं पाऊल: पैसे

सीएच्या नोंदण्या, परीक्षा आणि सक्तीची प्रशिक्षणं मिळून इन्स्टिट्यूटला जाणारी रक्कम सरळ वाटेने लाखाच्या आत राहते. क्लासचे वेगळे. आर्टिकलशिपमध्ये स्टायपेंड मिळतो, पण किमान दर शहराच्या लोकसंख्येवर ठरतो आणि गोव्यातलं एकही शहर वरच्या पायरीत बसत नाही. पेट्रोलचे सुटतात, एवढंच.

नावाजलेल्या खाजगी संस्थेतल्या एमबीएची फी लाखांच्या दोन आकड्यांत जाते. समजा १५ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, सात वर्षं: महिन्याला सुमारे २४,९०० रुपये हप्ता. पहिला पगार हातात किती येईल आणि मुंबईत भाडं किती जाईल ते याच्याशेजारी लिहून बघा. गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. बँकेत जाण्याआधी तिच्या अटी वाचा, कारण व्याज नसेल तर वरचं गणितच बदलतं. गोवा विद्यापीठातल्या एमबीएची फी खाजगी संस्थेच्या मानाने बरीच कमी. ताळगावच्या पठारावर बसने जाता येतं, हॉस्टेलचा खर्च वाचतो. घरची स्थिती बेताची असेल तर हा पर्याय लोक उगाच खालचा समजतात.

सहावं पाऊल: एमबीए ठरलं, तर संस्था कशी पारखायची

गोव्यात नाव घ्यावं अशी खाजगी संस्था म्हणजे गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट. फादर रोमुआल्ड डिसोझांनी १९९३ मध्ये रायबंदरला सुरू केलेली, आता साखळीजवळ सत्तरीच्या डोंगरात. तिथे पीजीडीएम, म्हणजे मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदविका मिळते. स्वायत्त संस्थेला पदवी देता येत नाही म्हणून ती पदविका असते. नोकरी देणाऱ्याला फरक पडत नाही, पण पुढे पीएचडी करायची असेल तर त्या पदविकेला एमबीएची समकक्षता आहे का ते आधी तपासा.

कुठलीही संस्था असो, माहितीपत्रकातल्या 'सरासरी पॅकेज'वर जाऊ नका. पाच मुलांना ६, ६, ७, ७ आणि २४ लाख मिळाले तर सरासरी १० येते. मधला आकडा ७. तुम्ही त्या मधल्या मुलासारखे असणार, असंच धरा आणि मधला आकडा मागा. वर्गात किती होते, नोकरी शोधणारे किती, मिळाली किती जणांना, कुठल्या कामाची. 'मॅनेजमेंट ट्रेनी' या शब्दाखाली विदर्भात टाइल्स विकण्यापासून मुंबईत बँकेच्या ट्रेझरीपर्यंत काहीही येतं. दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या तिघांशी बोला, संस्थेने सुचवलेल्या तिघांशी नव्हे.

शक्य असेल तर एमबीएआधी दोन वर्षं नोकरी करा. बीकॉम होताच एमबीएला बसलेल्या मुलाकडे वर्गात सांगायला काही नसतं.

सातवं पाऊल: सीए ठरलं, तर आर्टिकलशिप नीट निवडा

क्लास कुठला लावायचा यावर मुलं महिनाभर डोकं खातात आणि आर्टिकलशिप ओळखीच्या पहिल्या ऑफिसात धरतात. माझंही तसंच झालं. पहिल्या ऑफिसात आठ महिने मी बँकेत चलन भरणं आणि साहेबांच्या मुलीला ट्यूशनला सोडणं एवढंच केलं. बदली घेताना रडकुंडीला आलो.

आधी तिथल्या चालू आर्टिकलांना गाठा, साहेबांना नंतर. विचारा: मागच्या तीन महिन्यांत कुठल्या कुठल्या ऑडिटला गेलात? वर्किंग पेपर, म्हणजे ऑडिटमध्ये काय तपासलं त्याची टिपणं, स्वतः लिहिता का? परीक्षेआधी सुट्टी खरोखर मिळते का, की 'रिटर्न संपले की बघू'? मोठ्या शहरातल्या मोठ्या फर्ममध्ये एका कंपनीच्या एकाच भागात महिनोन्‌महिने जातील, पण पद्धत शिकाल आणि पुढे कॉर्पोरेट नोकरीला ते नाव चालेल. मडगाव-म्हापशाच्या बऱ्या ऑफिसात सकाळी जीएसटी, दुपारी पतसंस्था, संध्याकाळी कोणाचं तरी आयकराचं नोटीस. इथे प्रॅक्टिस करायची असेल तर मला दुसरं बरं वाटतं.

दोन्ही करायचं असेल तर

क्रम एकच: आधी सीए. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) सीएला पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीचं मानलं, आणि कामाचा अनुभव असलेल्या सीएकडे एमबीए संस्था चांगल्या नजरेने बघतात. एमबीए करून, हप्ते चालू असताना, तिशीत आर्टिकलशिपच्या स्टायपेंडवर बसणारा मी अजून पाहिलेला नाही. कारखान्यात रस असेल तर कॉस्ट अकाउंटंटचा मार्ग आहे, नोकरी करत करता येतो. परदेशी जायचं नक्की असेल तर ब्रिटनच्या एसीसीए या अकाउंटिंगच्या परीक्षेची चौकशी करा, मात्र त्यावर भारतात ऑडिटची सही करता येत नाही.

सुरुवात करण्याआधी थांबायची तारीखही ठरवून ठेवा. इंटरला चार प्रयत्न, असा काहीतरी आकडा. इंटर पास होऊन थांबलेल्या माणसाला गोव्यात अकाउंट्सची चांगली नोकरी मिळते, त्यात कमीपणा नाही. आकडा ठरवलेला नसला की सातव्या प्रयत्नालाही आशा सुटत नाही.

फॉर्म भरायच्या आधी

त्या मुलीने दोन आठवडे घेतले, शॅकच्या खोक्यासमोर एक दिवस बसलीही, आणि थेट प्रवेशाने इंटरला नोंदणी करायचं ठरवलं. फाइल उघडली तर दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव नाईक, शेवटी इंग्रजी के. जन्मदाखल्यावर तेच नाईक जुन्या पोर्तुगीज वळणाने, क्यू-यू-ई लावून, आणि आधारवर वडिलांचं नाव मध्ये घुसलेलं. गोव्यात हे घरोघरी आहे. सीए असो की एमबीए, नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे भरा आणि आधार, पॅन आधी त्याच्याशी जुळवून घ्या. मूळ नोंदीतलंच नाव बदलायचं असेल तर त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे, वेळ लागतो. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी ते होत नाही. ती आता सेतू केंद्राच्या खेपा घालते आहे.